वाटेवरच्याला एक काडी

परमेश्वराने मला आयुष्यात एकदा हाक मारली आहे. भर दुपारी, उघड्या माळावर, आसपास दुसरा माणूस नसताना मारली, त्यामुळे ती माझ्यासाठीच होती याबद्दल शंकेला जागा नाही. मात्र अनुभव लिहिणाऱ्याने काही लपवू नये म्हणून एवढं सांगतो, की त्या हाकेची सुरुवात शिवीने झाली होती.

असे अनुभव मी पुष्कळ वाचले आहेत. त्यांत संकटाच्या वेळी शुभ्र वस्त्रांतला एक पुरुष येतो, मदत करतो आणि वळून पाहावं तर नाहीसा होतो. माझ्या अनुभवातल्या पुरुषाने गुडघ्यापर्यंत मळका पंचा नेसलेला होता आणि तो नाहीसा होण्याचं नाव घेत नव्हता. शिवाय तो आजही आहे. त्यामुळे मी लिहितो त्यात अतिशयोक्ती आढळली, तर कोणीही जाऊन त्याला विचारू शकेल.

देश स्वतंत्र होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. मी तेव्हा चांदा जिल्ह्याच्या पूर्वेकडे, एटापल्लीच्या बाजूच्या एका जंगलगावात शिक्षक होतो. शाळेत मी एकटाच, म्हणून मीच हेडमास्तर. बस आमच्या गावापासून सव्वीस मैलांवर थांबे. तिथून पुढे यायला बैलगाडीची वाट होती. ती नाले टाळत, टेकड्यांना वळसे घालत दोन दिवसांत पोचवी. दुसरी वाट होती ट्रामलाइनची. लढाईच्या आधी एका लाकूड-ठेकेदाराने जंगलातून ओंडके काढण्यासाठी लहान रूळ टाकून छोटी आगगाडी चालवली होती. लढाईत रूळ उखडून कुठेतरी नेले. स्लीपर लोकांच्या चुलींत गेले. उरला तो मातीचा बांध, मैलाचे दगड आणि नाल्यांवरचे लाकडी पूल. इंजिनाला चढ सोसत नाही म्हणून त्या बांधाला चढ नव्हता. इंजिनाला एकदम वळता येत नाही म्हणून वळणंही मोठी, ऐसपैस होती. एका ठेकेदाराने केवळ स्वतःच्या फायद्यासाठी बांधलेली ती वाट सायकलवाल्यासाठी स्वर्ग झाली होती. मी तिच्यावरून नेहमी जाई आणि त्या ठेकेदाराला मनातल्या मनात दुवा देई. देवाला देत नसे.

सव्वीस मैलांपैकी पहिले दहा जंगलातून. मग जंगल एकदम संपतं आणि नऊ मैलांचा माळ लागतो. झाड नाही, झुडूप नाही. कमरेएवढं गवत, आणि त्यातून सरळ रेघ ओढावी तसा बांध. वैशाखात ते गवत इतकं पिवळं होतं की डोळे आपोआप बारीक होतात. पुन्हा सात मैल जंगल आणि मग आमचं गाव. जिथे पहिलं जंगल संपून माळ सुरू होतो, त्या दहाव्या मैलावर पूर्वी इंजिन पाणी घ्यायला थांबे. तिथे एक विहीर आहे, चार झोपड्या आहेत आणि बांधाच्या कडेला काटक्यांचा एक पुरुषभर उंच ढीग आहे.

तो ढीग म्हणजे देव. त्याला नाव नाही. सगळे त्याला 'वाटेवरचा' म्हणतात. त्याला मूर्ती नाही, पुजारी नाही, नारळ नाही, घंटा नाही. जाणाऱ्याने जवळची एखादी काडी तोडायची, ढिगावर टाकायची आणि चालू लागायचं. माडिया, गोंड, कुणबी, ठेकेदाराचे मुनीम, सगळे टाकतात. आता वाटतं, मला शोभणारा असा तोच एक देव होता. पण त्या वेळी मी स्वतःला बुद्धिवादी समजत होतो आणि बुद्धिवादी माणसाने काडीइतकीही सवलत द्यायची नसते, अशी माझी समजूत होती. त्यामुळे मी त्या ढिगाजवळून जाताना मुद्दाम समोर पाहून पायडल मारी. कोणाचं काही बिघडत नव्हतं. माझंही नव्हतं.

त्या वैशाखात माझ्या बायकोला, वत्सलेला, मुदतीचा ताप आला. दोन आठवडे झाले तरी उतरेना. तिसऱ्या आठवड्यात ती बरळू लागली. मला तिच्या थोरल्या भावाच्या नावाने हाका मारी आणि अंगणातली गाय बांधायला सांगे. आमच्याकडे गाय नव्हती. गावात ज्याला जे माहीत होतं ते त्याने केलं: कोणी अंगारा आणला, कोणी पाला वाटून दिला. मी कशालाच नाही म्हणालो नाही, कारण नाही म्हणायला माझ्याजवळ दुसरं काही असायला हवं होतं. शेवटी शेजारच्या बाईंनी तिच्या उशाशी बसायचं कबूल केलं आणि मी चांद्याला निघालो. निघताना वत्सला क्षणभर शुद्धीवर आली. म्हणाली, "वाटेवरच्याला काडी टाकून जा." मी "बरं" म्हणालो. जाताना टाकली नाही.

चांद्याचे डॉक्टर कमी बोलणारे होते. ह्या तापावर नवीन कॅप्सूल निघाल्या आहेत, म्हणाले. एक बाटली होती ती दिली. दर सहा तासांनी एक. उन्हात ठेवू नका, ओल्या फडक्यात गुंडाळून न्या. मी विचारलं, कधीपर्यंत पोचायला हवं? ते म्हणाले, "उद्या दिवस मावळायच्या आत पहिली गोळी पोटात गेली पाहिजे. परवा पोचलात तर मी काही सांगू शकत नाही." डॉक्टरांच्या तोंडून मी आजवर ऐकलेलं हे सर्वांत स्पष्ट वाक्य. बसला अवकाश होता, तेवढ्यात शाळा चालवणाऱ्या जनपद सभेच्या कचेरीत जाऊन शाळेचं सामान घेतलं: खडूंची पेटी आणि एक फूटपट्टी. बायको मरणाच्या दारात असताना मी फूटपट्टीची पोच लिहून देत होतो. माणूस घाबरला की ओळखीची कामं करतो.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला बसमधून उतरलो आणि तिथल्या हॉटेलवाल्याकडे ठेवलेली सायकल घेतली. अकराच्या सुमारास दहावा मैल गाठला. ढिगाच्या बाजूने पुढे गेलो तेव्हा झोपड्यांकडून कोणीतरी ओरडलं. मी मागे पाहिलं नाही. माझा वेग चांगला होता, हिशेबाने अडीचपर्यंत घरी पोचणार होतो, आणि त्या वेळी माझ्या मनात जो आत्मविश्वास होता तो पुष्कळ साधुपुरुषांत नसतो.

बारावा दगड मागे पडला आणि मागचं चाक फुसकन बसलं. ट्यूबमध्ये काटा नव्हता; उन्हाने तापून ती शिवणीवरच चार बोटं फाटली होती. ठिगळाच्या डबीतलं सोल्यूशन वाळून गोटी झालेलं. मी सायकल ढकलत चालू लागलो. दोन रात्री झोप नव्हती. थर्मासमधलं उरलेलं पाणी बाटलीच्या फडक्यावर ओतलं, कारण माझ्यापेक्षा ती बाटली पोचणं जरुरीचं होतं. तेराव्या दगडापाशी मात्र डोळ्यांपुढे गवत काळं दिसू लागलं. अजून तेरा मैल होते. त्यांतले सहा ह्याच माळावर. मी दगडाच्या सावलीत बसलो. मैलाच्या दगडाला वैशाखात भर बाराला जेवढी सावली असते तेवढीच होती. तिच्यात मी बाटली ठेवली आणि स्वतः बाहेर बसलो.

इथे कबूल करतो की मी प्रार्थना केली. नीट सुचेना. स्तोत्रं लहानपणी पाठ होती, ती मी मोठेपणी प्रयत्नपूर्वक विसरलो होतो. मला पाठ होती ती फक्त शाळेत रोज म्हणायची प्रार्थना, म्हणून तीच पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटली. तिच्यात मुलांना सद्बुद्धी, वळणदार अक्षर आणि गुरुजनांबद्दल आदर मागितलेला आहे. माझ्या परिस्थितीशी तिचा काही संबंध नव्हता. पण ती म्हणताना मी रडत होतो आणि तिच्यामागे काय मागतो आहे हे मला माहीत होतं. ज्याने ऐकायचं त्यालाही माहीत असावं.

प्रार्थना संपली आणि हाक आली.

"अबे ओ आंधळ्या! डोरे फुटले का तुये? थांब तिथीच!"

बांधावरून एक म्हातारा ताडताड चालत येत होता. खांद्यावर भोपळ्याचा तुंबा, हातात काठी. मी थांबलेलाच होतो, तरी तो दर दहा पावलांनी "थांब" म्हणत होता. जवळ आल्यावर मला ओळख पटली. तो दहाव्या मैलावरच्या झोपडीतला झुरू मेट. रूळ सांभाळणाऱ्या टोळीच्या मुकादमाला 'मेट' म्हणतात. गाडी चालू होती तेव्हा दहा ते एकोणीस मैलांची टोळी त्याच्या हाताखाली होती. तीन मैल उन्हात चालून आलेला तो माणूस माझ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि त्याने पहिला प्रश्न केला तो असा:

"काडी काऊन नाई टाकली?"

मी म्हणालो, "मेटभाऊ, माझी बायको फार आजारी आहे. औषध घेऊन चाललोय. घाई होती."

"मंग त टाकाचीच होती. ज्याले घाई हाय त्यानं आदी टाकाव." तो बांधाकडे बोट दाखवून म्हणाला, "डायवर टाके. गोरा साहेब टाके, टोपी काढून टाके. एका डायवरनं नाई टाकली, त चौदाव्यावर डबे खाली. जबाब कोनाले द्या लागला? मले. दहापासून एकोनीसपर्यंत लाइन माही हाय. इथी कोनी पडला त माह्या नावावर जाते."

"आता लाइन कुठे आहे, भाऊ? रूळ नेऊन दहा वर्षं झाली."

"रूळ नेले जी," झुरू शांतपणे म्हणाला. "लाइन कोन नेली?"

मी ज्या बांधावर बसलो होतो त्याच्याकडे पाहिलं. तोवर त्याचं लक्ष सायकलकडे गेलं होतं. त्याने तुंबा माझ्या हातात दिला, "घोट घोट घे, भसाभसा नोको," असं बजावलं आणि काठीने मागच्या टायरवर टकटक करून कान लावला. टोळीतले लोक स्लीपरवर ठोकून खाली खडी पोकळ आहे का ते आवाजावरून ओळखतात आणि असेल तर पुन्हा ठासतात, अगदी तसं. "पोकय बोलून राह्यला," म्हणाला. "पॅकिंग करा लागते."

मग जे घडलं ते मी साधेपणाने सांगतो. तेराव्या दगडापासून शंभर पावलांवर एक छोटा पूल होता. झुरू म्हणाला, तेराच्या पुलाखाली बाराही महिने ओल राहते. मी त्या पाण्यापासून शंभर पावलांवर बसून पाण्यासाठी देवाला वळणदार अक्षर मागत होतो. पुलाखालून त्याने मऊ, ओलसर गवत उपटून आणलं, तळहातांत वळून त्याचा मनगटाएवढा जाड दोर केला आणि फाटकी ट्यूब काढून तो टायरमध्ये घालू लागला. घालायचा, काठीच्या टोकाने ठासायचा, ठोकून ऐकायचा. पोकळ आवाज आला की पुन्हा गवत. ठासताना तो टोळीवर म्हणत तशी आरोळी देत होता आणि टोळीत आता मी एकटाच असल्यामुळे पुढचा "हय्या" मला म्हणावा लागत होता. मी आधी नुसते ओठ हलवले. त्याने ठासणं थांबवलं. "बोल ना गा मास्तर, पोट्टे शिकवते न तू? आवाज कुठी गेला?" मग मी मोठ्याने म्हणालो. मधेच त्याने न विचारता औषधाच्या फडक्यावर पुलाखालचं पाणी घातलं आणि बाटली पुन्हा सावलीत ठेवली. सावली तोवर दोन बोटं सरकली होती. त्याने बाटलीही दोन बोटं सरकवली.

चाक बसवून झाल्यावर मी त्याच्या पायाला हात लावायला वाकलो, तर तो मागे सरकला. "ते नंतर. आदी काडी."

मी म्हणालो, परत तीन मैल जाणं शक्य नाही. तो म्हणाला, "तू नोको येऊ. बाई आजारी हाय, तू जाय. तुयी काडी मी टाकतो. पन दे तू आपल्या हातानं."

मी चारी बाजूंना पाहिलं. नऊ मैलांच्या त्या माळावर तोडण्यासारखं एक झुडूप नव्हतं. इतकी वर्षं मी त्या ढिगाला काडी दिली नव्हती, आणि ज्या दिवशी मनापासून द्यायची होती त्या दिवशी मला काडी मिळत नव्हती. शेवटी पिशवीतून सरकारी फूटपट्टी काढली. "ही चालेल का?"

झुरूने ती उलटसुलट करून पाहिली, नखाने टोकरली, वास घेतला. "लाकूड हाय. चालते. त्याले लाकडाशी मतलब." मग त्याला हसू आलं. "मापाची काडी आजलोक कोनी नाई देल्ली त्याले."

तो फूटपट्टी खांद्यावर ठेवून, बंदूक ठेवावी तशी, दहाव्या मैलाकडे निघाला. मी उलट दिशेला. गवताचं चाक दगडासारखं कठीण झालं होतं, प्रत्येक खड्डा मणक्यात बोले. पण ते फिरत होतं. माळ संपला, जंगलाची सावली आली, आणि मला कळलं की मी अजूनही हळू आवाजात "हय्या" म्हणतो आहे. त्यापूर्वी किंवा त्यानंतर मी इतका एकचित्त नामजप केलेला नाही.

चारच्या सुमारास घरी पोचलो. शेजारच्या बाई दारातच उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना. आत वत्सला डोळे मिटून पडली होती. पहिली कॅप्सूल दिली तेव्हा दिवस बराच वर होता. तिने ती कशीबशी गिळली, डोळे उघडले आणि भावाचं नाव न घेता, मला ओळखून विचारलं, काडी टाकली का. मी "हो" म्हणालो. ते खोटं नव्हतं. माझी काडी त्या वेळेपर्यंत एका विश्वासू माणसाने नक्की टाकलेली होती.

चौथ्या दिवशी ताप उतरला. मी चमत्कार म्हणत नाही. कॅप्सूलनेच उतरला, आणि त्या वेळेत पोचल्या म्हणून उतरला. पण त्या वेळेत का पोचल्या, ह्याचा विचार करू लागलो की माझी पंचाईत होते. मी त्या दिवशी श्रद्धाळूपणे काडी टाकली असती, तर झुरू मेट "बरं झालं" म्हणून झोपडीत पडून राहिला असता आणि मी तेराव्या दगडापाशी. माझ्या उद्धटपणाचा राग आला म्हणून मदत तीन मैल चालत आली. हे कोणत्या शास्त्रात बसतं मला ठाऊक नाही. पूर्वी मी म्हणालो असतो की हा योगायोग. आता म्हणतो की हा योगायोग, आणि त्याबद्दल मी फार आभारी आहे.

शरण जाणं म्हणजे हातपाय गाळून बसणं, असा माझा समज होता आणि म्हणून मला त्याची शिसारी होती. हातपाय मी गाळले होते ते प्रार्थनेच्या आधी. नंतर मला पाणी प्यायला, "हय्या" म्हणायला आणि जवळ असेल ते लाकूड द्यायला सांगितलं गेलं, आणि मी ते केलं. आपली काडी आपल्याला नेता येत नाही अशी वेळ येते. ती दुसऱ्याच्या हातात द्यायची आणि आपण आपल्या दिशेला जायचं. जो नेतो तो नेतो. एवढंच मला कळलं, आणि माझ्यापुरतं ते पुष्कळ आहे.

वत्सला हिंडूफिरू लागल्यावर म्हणाली, वाटेवरच्याला जाऊन यायचं. पावसाला अजून आठवडा होता. मी तिला कॅरियरवर बसवून सोळा मैल आणली. नवी ट्यूब घातली होती. ढिगाच्या वरच्या अंगाला माझी फूटपट्टी उभी खोचलेली होती. तिला सात इंचांपर्यंत वाळवी लागली होती. वत्सलेने शेजारच्या झुडपाची बोटभर काडी मोडली, ढिगावर टाकली आणि हात जोडले. तिचं झालं.

मला मात्र वाटलं की माझी गोष्ट वेगळी आहे. ज्याने एवढं दिलं त्याला बोटभर काडी शोभणार नाही. जवळच सागाचं एक पोसलेलं रोप होतं. त्याची हातभर लांब, नव्या मोठ्या पानांची फांदी मी काडकन मोडली आणि दोन्ही हातांत धरून ढिगाकडे चाललो. झोपडीच्या दारातून झुरू मेट पाहत होता. वत्सलेला म्हणाला, "बाई, काडी सांगतली होती याले. याची त वरातच निघाली."

मी फांदी ढिगावर ठेवली, डोळे मिटले, आणि खरोखर शांत वाटलं. डोळे उघडले तेव्हा समोर फॉरेस्ट गार्ड उभा होता. राखीव जंगलातला साग तोडला म्हणून त्याने वही काढून माझं नाव, गाव आणि हुद्दा लिहून घेतला. मग त्याने तोडण्याचं कारण विचारलं. मी दहाव्या मैलापासून तेराव्यापर्यंतचं सगळं सांगितलं, कृतज्ञतेचंही सांगितलं. त्याने ते शेवटपर्यंत ऐकलं, खाली वाकून एक काटकी उचलून ढिगावर टाकली, आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं: सरपण.